कुबलांची अंगठी

"समुद्रापुढे माणूस हा कस्पटासमान आहे," असं मी बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, उभा राहून, उजवा हात क्षितिजाकडे करून, खणखणीत आवाजात जाहीर केलं. आणि पुढच्याच क्षणी डावा हात तोंडाशी नेऊन सकाळचे कांदेपोहे त्याच समुद्राच्या स्वाधीन केले.

हात तोंडाशी नेला तो शिष्टाचार म्हणून नव्हे. नवी कवळी बसवून महिनासुद्धा झाला नव्हता, आणि पोह्यांबरोबर ती जाऊ नये एवढीच त्या क्षणी माझी इच्छा होती. आजूबाजूच्या तीन बोटींवरची मंडळी टाळ्यांसाठी हात उचलून बसली होती. त्यांनी ते हात तसेच सावकाश खाली घेतले. ढोलवाल्याने मात्र घेतलेल्या सुपारीला जागून एक टोला दिला.

भाषणाची हौस मला नव्हती. माझ्या भाचीने, केतकीने, पाच मिनिटांपूर्वी माझ्या कानाशी येऊन सांगितलं होतं, "मामा, तू काहीतरी बोल. कितीही बोल, कशावरही बोल, पण वेळ काढ." मी विमा कंपनीत उभी हयात घालवलेली. समोरच्या धडधाकट माणसाला त्याच्या मरणाबद्दल तासभर ऐकवून वर त्याच्याकडूनच चहा पिण्याची मला सवय होती. पण त्या कचेऱ्या हलत नसत. ही बोट हलत होती.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. केतकी ही माझ्या सांगलीच्या बहिणीची मुलगी. इंजिनियर झाली, पुण्यात नोकरीला लागली, एकदा सुट्टीला मालवणला आली आणि परत गेलीच नाही. पाठीवर हवेची टाकी बांधून माणसांना समुद्राच्या तळाशी फिरवून आणायचं, हा तिने धंदा धरला. तोच धंदा करणारा दिगू कुबल तिला तिथेच भेटला. आदल्या दिवशी दोघांचं लग्न लागलं होतं, मी तिच्या पाठीशी मामा म्हणून उभा राहिलो होतो, आणि आज कुबलांच्या घरची रीत पुरी व्हायची होती.

रीत तशी आपल्या सगळ्यांच्याच घरात असते. परातीत कुंकवाचं पाणी, त्यात अंगठी, नवरा-नवरीने एकेका हाताने शोधायची. जो काढेल त्याचा शब्द घरात चालणार, असं म्हणायचं आणि हसायचं. कुबल मात्र गाबीत, पिढीजात समुद्रावरचे. त्यांना परात लहान पडली. त्यांच्याकडे अंगठी हळदीच्या फडक्यात बांधून, फडकं दगडाला बांधून, देवचाराच्या, म्हणजे तिथल्या राखणदाराच्या, खडकाजवळ समुद्रात टाकत. तिथे तीन पुरुष खोल पाणी. नवरा-नवरीने बुडी मारून ती काढायची. चार पिढ्या कुबलांकडे नवराच जिंकत आला होता आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. चारही पिढ्यांतल्या नवऱ्यांना, अर्थात, पोहता येत नसलेल्या बायका मिळाल्या होत्या.

पाण्याला न भिणारी नवरी कुबलांच्या घरात पहिल्यांदाच येत होती. त्यामुळे अख्खी वाडी बोटी घेऊन बघायला लोटली होती. कोंबड्यांच्या पैजा लागल्या होत्या. बायका उघडपणे केतकीच्या बाजूच्या होत्या, पुरुष दिगूच्या, आणि ढोलवाला दोन्ही बाजूंनी मिळेल तेवढं घेत होता. हिवाळ्याचं स्वच्छ ऊन, पाणी इतकं नितळ की खालच्या खडकाच्या कपारी दिसत होत्या. पोटात कालवलं नसतं तर मीही एखादा कोंबडा लावला असता.

आता वेळ कशासाठी काढायचा होता, ते सांगतो.

त्या सकाळी उजाडताच वाडीतल्या एकाचं जाळं बाहेर खोल समुद्रात खडकाला अडकलं होतं. नवंकोरं जाळं, त्याच्या घरची सगळी पुंजी तीच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कामाला जाऊ नये हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो माणूस दारात येऊन नुसता उभा राहिला. दिगू आणि केतकी टाक्या बांधून गेले. बराच वेळ खोल पाण्यात राहून अर्धं जाळं सोडवलं, थांबत थांबत वर आले. उरलेलं अर्धं दुपारी तीनला पुन्हा टाकी लावून सोडवायचं ठरलं. मधल्या वेळात अंगठीची रीत उरकून घ्यावी, असं घरात काकीने ठरवून टाकलं.

येसूकाकी म्हणजे दिगूची चुलती. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले, तिनेच त्याला वाढवलं. अंगाने किरकोळ, आवाजाने बंदरभर. केतकीने तिला घरातच सांगून पाहिलं होतं की आज नको, उद्या करू. त्यावर काकीने उद्या अवस आहे आणि परवा तुम्ही दोघं अंदमानला कामाला निघालात, मग अंगठी मी काढू काय, असं विचारलं. केतकीने सांगितलं, टाकी लावून खोल गेलेल्या माणसाने त्या दिवशी दम रोखून बुडी मारायची नसते. त्याला काकीचं उत्तर तयार होतं.

"धोको टाकीत हा, श्वासात खय हा? टाकी न लावताच जाऊचा हा ना? मगे धोको खय रवलो?"

सगळ्या वाडीला हे पटलं. मलाही पटलं. धोका टाकीत, टाकी काढली की धोका गेला. यात चूक काय आहे, ते मी केतकीला बोटीवर विचारलं. माझ्या पोटासाठी कुणीतरी गोटी सोड्याची बाटली हातात दिली होती. तिने ती माझ्याकडून घेतली.

"ह्यात गॅस आहे, पण दिसतोय का?"

नव्हता दिसत.

"खोल पाण्यात दाबाखालची हवा घेतली की नायट्रोजन असाच रक्तात विरघळतो. सावकाश वर आलं तर सावकाश निघून जातो, पण त्याला तास लागतात. तोवर अंगात बारीक बुडबुडे फिरत असतात. फुफ्फुसं त्यांना चाळणीसारखी अडवतात. आता अशा माणसानं दम धरून पुन्हा खाली सूर मारला, की दाबानं बुडबुडे आणखी बारीक होतात आणि चाळणीतून पलीकडं निसटतात. वर येताना पुन्हा फुगतात. टाकी असली तर थांबत थांबत वर येता येतं, रोखलेला दम थांबू देत नाही. मग सांध्यात फुगले तर सांधा, मणक्यात फुगले तर पाय, डोक्यात फुगले तर..." तिने वाक्य सोडून दिलं आणि बाटली मला परत दिली. "होईलच असं नाही, मामा. पण झालं तर इथं जवळपास उपाय नसतो."

होईलच असं नाही, पण झालं तर. या एका वाक्यावर मी चाळीस वर्षं जेवलो होतो. ते इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, दिगूला हे माहीत नाही का. माहीत होतं. तो स्वतः हेच दुसऱ्यांना शिकवत असे. पण दुसऱ्यांना शिकवताना समोर काकी नसते. जाळ्यावरून घरी येईपर्यंत तो केतकीच्या बाजूचा होता. मग काकीने त्याला एकच गोष्ट सांगितली: या खडकावरच्या देवचाराने याआधी एकदा घरचा एक पाय नेलाय, रीत चुकली तर या वेळी काय नेईल ते ठाऊक नाही. तेव्हापासून दिगू बोलेनासा झाला होता, आणि त्याला वळवायला केतकीला वेळ हवा होता.

तो पाय कुणाचा, हे मला भाषण आटोपल्यावर कळलं.

पोहे गेल्यावर माझी रवानगी बोटीच्या मागच्या टोकाला झाली. तिथे इंजिनाशी दत्ताराम बसला होता. काकीचा थोरला मुलगा, दिगूचा चुलतभाऊ. रुंद छातीचा, मोठ्या मिशांचा, बसल्या जागी एखाद्या सरदारासारखा दिसणारा. उठला की डावा पाय मागून ओढत आणावा लागे. टाक्या वाहण्याचं, बोट चालवण्याचं काम तो करायचा, आणि केतकी येणाऱ्या पाहुण्यांना पाण्यात उतरण्याआधी जे काही सांगायची ते रोज याच जागेवर बसून ऐकायचा.

पुढे काकीचं गाऱ्हाणं सुरू झालं होतं. खडकाकडे तोंड करून, हातात नारळ धरून ती देवचाराला सगळी हकिगत सांगत होती, आणि दर वाक्याला तीन बोटींतून "होय म्हाराजा" असा एकच आवाज उठत होता. केतकी आणि दिगू नाळेजवळ समोरासमोर उभे.

विम्यातल्या माणसाला लंगडा माणूस दिसला की एकच प्रश्न सुचतो. मी तो दत्तारामला विचारला.

देवचाराने धरलं, असं तो अगदी सहज म्हणाला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. याच खडकाजवळ, याच रीतीच्या वेळी. "अंगठी घेवन वर इलंय. घराक गेलंय, जेवलंय. सांजेक उठूक गेलंय, तर पाय माझो नाय."

मग देवाला विचारणारा घाडी झाला, कौल झाले, गाऱ्हाण्यात नारळ आधी ठेवला नव्हता असं निष्पन्न झालं. तेव्हापासून दर वर्षी काकी स्वतः येऊन या खडकाला नारळ देते.

मी मान डोलावली. आमच्या कंपनीच्या दाव्यांच्या चौकशीत अपघाताच्या खालोखाल एक प्रश्न ठरलेला असे. जिभेवर बसलेला, तो आपोआप बाहेर पडला. "त्या दिवशी सकाळी काय करत होता तुम्ही?"

दत्तारामने माझ्याकडे पाहिलं. मग पुढे, नारळ धरलेल्या आईकडे पाहिलं. हातातल्या बोळ्याने त्याने इंजिनावरचं तेल पुसलं. तिथे तेल नव्हतं.

"मामानू, ता इचारू नका."

आणि माझ्या हातातला नुकताच उघडलेला सोडा फसफसून ओघळला. बोट हलली म्हणून असेल.

"टाकी?" मी हळूच विचारलं.

त्याने मान हलवली. कुणा कंत्राटदाराचं इंजिन खोल पाण्यात पडलं होतं, ते काढायला सकाळी टाकी लावून गेला होता. दुपारी अंगठी. संध्याकाळी पाय.

"तुमका आता कळला," तो म्हणाला. "माका कळान चार वर्सां झाली. केतकी पयल्या दिवशी पावण्यांका सांगी होती, तेव्हाच कळला."

मी विचारलं, मग घरी बोलला का नाही.

"अंगठी आयेन टाकलेली. आपल्या हातान, हौसेन." त्याचा आवाज इंजिनाच्या आवाजात जेमतेम ऐकू येत होता. "देवचारान पाय नेलो म्हटल्यार ती देवचारार रागावता. मी खरा सांगलंय तर कोणार रागावतली?"

इतक्यात पुढे नारळ फुटला. आणि काकीने, सगळ्या बोटींना दिसेल असा हात उंच करून, हळदीचं फडकं बांधलेला दगड पाण्यात सोडला. पिवळा ठिपका डुलत डुलत खाली गेला आणि पांढऱ्या वाळूत, एका कपारीच्या तोंडाशी जाऊन बसला. ढोल उसळला. बायकांनी केतकीच्या नावाने ओरडायला सुरुवात केली, पुरुषांनी शिट्ट्या फुंकल्या.

दिगूने सदरा काढला आणि बोटीच्या काठावर पाय ठेवला.

केतकीने त्याचं मनगट धरलं. ती ओरडली नाही, पण मधेच ढोल एका तालावर थांबला आणि तिचं बोलणं सगळ्यांच्या कानी गेलं.

"तू गेलास तर मी पण येणार. सकाळी तू जितका खोल होतास तितकीच मी होते. तेवढाच वेळ होते. जाऊ देत दोघांचे पाय एकदमच, चाकाच्या खुर्च्या जोडीनं भाड्यानं घेऊ."

तिला काय म्हणायचं होतं ते दिगूला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं. पण तीन बोटींना एवढंच कळलं की नवरी म्हणते, मी पण येणार. मग जो जल्लोष झाला तो काय सांगावा. बायका उभ्या राहिल्या, एक बोट त्यामुळे कलली, कोंबड्यांच्या पैजा जागच्या जागी दुप्पट झाल्या आणि ढोलवाला तर अंगात आल्यासारखा बडवू लागला. दिगू काठावर, त्याचा एक पाय हवेत. मनगट केतकीच्या हातात. तो तिच्याकडे बघत होता, मग काकीकडे, मग खालच्या पिवळ्या ठिपक्याकडे. सगळ्या वाडीसमोर मागे फिरणं म्हणजे काय, ते मला बाहेरच्यालाही कळत होतं. तो म्हणाला, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, केतकी, वरच्यावर जाऊन येतो. आणि त्याने छातीत दम भरायला सुरुवात केली.

मी दत्तारामकडे वळलो. आयुष्यभर मी माणसांना बोलायला लावलं, सह्या करायला लावल्या. पण या माणसाला "बोल" म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

ते म्हणावं लागलं नाही. त्याने हात खाली नेला आणि इंजिन बंद केलं.

बोटीवर इंजिनाचा आवाज कुणी ऐकत नाही, पण तो थांबला की सगळे मागे वळून बघतात. ढोल थांबला. दत्ताराम खांबाला धरून उठला आणि डावा पाय ओढत, माणसांमधून वाट काढत, आईसमोर जाऊन उभा राहिला.

"आये, देवचारान काय एक करूक नाय."

काकीला काही समजलं नाही. तिने विचारलं, कधी.

"माझ्या पायाचा म्हणतंय. त्या दिवशी सकाळी मी टाकी लावन खोल गेललंय. दुपारी तशीच बुडी मारलंय. ह्येच्यासारखीच." त्याने दिगूकडे बोट केलं. "सकाळचो वारो अंगात होतो, तो पायात जावन बसलो."

"कोण म्हणता ह्यां?"

"केतकी म्हणता," दत्ताराम म्हणाला. "आणि माझो पाय म्हणता."

दिगूने भरलेला दम सोडून दिला. तो हवेतला पाय त्याने बोटीत घेतला आणि तिथेच फळीवर बसला. केतकीने मनगट मात्र सोडलं नाही.

काकी केतकीपुढे गेली. खरं का, एवढंच विचारलं. माझ्या भाचीने त्या वेळी थोडं खोटं बोलायला हरकत नव्हती, पण ती सांगलीची.

"तेव्हा कुणी तपासलं नाही, काकी. त्यामुळं शपथेवर नाही सांगणार. पण असंच होतं, आणि असंच झालेलं मी वाचलंय, पाहिलंय. माझ्या नवऱ्याला मी आज पाण्यात जाऊ देणार नाही. रीत मोडल्याचा दोष माझ्यावर घाला."

काकी खाली बसली. दत्तारामचा डावा गुडघा तिच्या तोंडासमोर होता. तिने त्यावर हात ठेवला, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि कितीतरी वेळ तो तिथेच राहू दिला. मी दुसरीकडे बघितलं. दुसरीकडेही सगळे दुसरीकडेच बघत होते.

मग ती उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला, खडकाकडे तोंड केलं आणि हात जोडले. तिचा आवाज पहिल्यांदा फाटला, मग लागला.

"बा देवचारा, म्हाराजा. इतकी वर्सां मी तुझ्यार नको तो आळ घातलंय."

तीन बोटींनी सवयीने हात जोडले. "होय म्हाराजा."

"तुझो काय एक संबंध नव्हतो. वर्साक नारळ घेतलंस, शिव्या पण घेतलंस, पण तोंडातून कधी उलटो शब्द काढूक नाय. हो तुझो मोठेपणा."

"होय म्हाराजा."

"आजपासून कुबलांच्या घरात ज्येणा टाकी लावली, त्येणा त्या दिवशी बुडी मारूची नाय. मारीत तर माझ्याशी गाठ आसा."

"होय म्हाराजा," असं वाडीने म्हटलं, आणि या वेळी सगळ्यात मोठा आवाज दिगूचा होता. ही कलमं ज्या वेगाने मंजूर झाली तो वेग आमच्या कंपनीत मी कधी पाहिला नव्हता.

काकी पुन्हा खाली बसली आणि मग मात्र रडली. दत्ताराम तिच्या शेजारी बसला. काही वेळाने त्याने तिला एवढंच सांगितलं की नारळ बंद करू नको, त्याला बिचाऱ्याला आता सवय झाली असेल. ती रडता रडता हसली आणि तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती इतकी वर्षं जपून सांगितली नसती.

डोळे पुसून झाल्यावर काकीला अंगठी आठवली. ती खाली ठेवून घरी जाता येणार नाही, असं तिने जाहीर केलं. दुसऱ्या बोटींवरची चार पोरं पाण्यात उडी टाकायला तयार होती, पण ते चालेना. घरचंच माणूस हवं. आणि लगेच, पाच मिनिटांपूर्वी केलेला कायदा अंमलात आणत, ती एकेकासमोर जाऊन टाकी लावली होती का विचारू लागली. दिगू बाद. केतकी बाद. दत्तारामला तर तिने विचारलंही नाही. मग तिची नजर फिरत फिरत मागच्या टोकाला, सोड्याच्या बाटलीमागे लपलेल्या माणसावर येऊन थांबली.

"मामानू, तुम्ही आज टाकी लावलास?"

मी म्हणालो की माझ्या आयुष्यात टाकीशी आलेला संबंध म्हणजे आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची, तीही मी सेक्रेटरी असताना.

दोष माझाच. आदल्या दिवशी पंगतीत मी सगळ्यांना रंगवून सांगितलं होतं की सांगलीच्या घाटावर लहानपणी मी कृष्णेत बुड्या मारून लोकांनी टाकलेली नाणी काढत असे. जिलबी चांगली होती, ओघात बोलून गेलो. आता ते अख्ख्या वाडीला आठवलं. नवरीचा मामा म्हणजे घरचाच माणूस, यावरही कुणाचं दुमत पडेना. मी केतकीकडे आशेने पाहिलं. ती नको म्हणेल असं वाटलं होतं. तिने माझी नाडी बघितली, छातीत काही होतं का विचारलं, आणि माझा चष्मा काढून डोळ्यांवर तिचा पाण्यातला चष्मा चढवला.

"नांगराच्या दोरीला धरून उतर. कानात दुखलं की परत फिर. मी वरून बघतेय. आणि मामा, घाई करू नकोस, तुझं सगळं नवं आहे."

मी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर काठावर उभा राहिलो तेव्हा ढोल पुन्हा सुरू झाला. पैजा आता कुणावर लागत होत्या, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

पहिल्या खेपेला माझं डोकं पाण्याखाली गेलं आणि बाकीचं सगळं वर राहिलं. बराच वेळ मी पाय झाडत होतो आणि मला वाटत होतं की मी तळाशी पोहोचलो. वरून हसण्याचा आवाज आला तेव्हा कळलं की तळ अजून आहे तिथेच आहे. दुसऱ्या खेपेला दोरीला धरून अर्ध्यावर गेलो, कानांत सुया घुसल्या, परत फिरलो. केतकीने मला दोरीला लटकवून ठेवलं, श्वास सारखा होईपर्यंत हलू दिलं नाही. दत्तारामने वरून सांगितलं की मामानू, दोरीक ओढू नका, दोरीन तुमका ओढूक देवा. त्याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही, पण तिसऱ्या खेपेला मी तसंच केलं.

आणि मग एकदम सगळा आवाज गेला. ढोल नाही, माणसं नाहीत. हिरवट उजेड, त्यात दोरी सरळ खाली गेलेली. एक निळा मासा माझ्या पोटाकडे बघत, काही मत न देता, निघून गेला. छातीत ठोके पडत होते, पण ते माझे नसावेत असं वाटत होतं. पायाला वाळू लागली. समोर कपार, कपारीच्या तोंडाशी पिवळी गाठ. मी हात लांब केला, गाठ मुठीत आली. घाटावरचं पहिलं नाणं हातात आलं होतं तेव्हा जसा ओरडलो होतो तसाच, तोंड भरून, मोठ्याने ओरडलो.

पाण्याखाली ओरडू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वर आलो तो मूठ आधी आणि मी नंतर. ते पिवळं फडकं दिसताच तिन्ही बोटी उसळल्या. एखादा मोठा मोरी मासा ओढून घ्यावा तसं चौघांनी मला बोटीत ओढून घेतलं. बायकांनी माझ्यावर तांदूळ टाकले, दिगूने मला मिठी मारली, केतकीने टॉवेलात गुंडाळलं. ढोल आता कशासाठीही थांबणार नव्हता. पलीकडच्या बोटीतून एकाने ओरडून सांगितलं की कुबलांचं घर सांगलीत गेलं.

ते खरंच होतं, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. अंगठी काढेल त्याचा शब्द घरात चालणार. अंगठी माझ्या हातात होती.

काकीने ढोलवाल्याला हात केला. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, ओल्या फडक्याची गाठ सोडून अंगठी माझ्या तळहातावर ठेवली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "मामानू, कुबलांच्या घरात आता तुमचो शब्द पयलो. काय सांगूचा ता सांगा."

दिगू आणि केतकी जवळ जवळ उभे होते, दोघांचे चारही पाय धड. दत्ताराम इंजिनाशी परत जाऊन बसला होता आणि मान वर करून बघत होता. तीन बोटींवर एक माणूस हलत नव्हता. अशा वेळी काहीतरी मोठं बोलायला हवं, आणि ते माझ्याजवळ होतं. समुद्र, श्वास, माणसाचा जीव, आईची माया, सगळं एका वाक्यात बसवलेलं, मघाच्यापेक्षा किती तरी चांगलं. मी ताठ उभा राहिलो. टॉवेल सावरला. उजवा हात क्षितिजाकडे केला.

आणि माझा डावा हात आपण होऊन तोंडाशी गेला.

मी केतकीला खुणेने जवळ बोलावलं. ती घाबरून आली, छातीत दुखतंय का, म्हणाली. मी मान हलवली आणि तिच्या कानाला लागून सांगितलं, "तीन वाजता टाकी लावून जाशील ना, तेव्हा आधी ते जाळं सोडव. मग येताना तेवढी माझी कवळी बघ. त्या कपारीच्या डाव्या हाताला असेल."